दुसरा प्रश्न

नागपूरहून उमरेड-भिसीमार्गे चिमूर शंभरेक किलोमीटर पडतं. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि या रस्त्यावरच्या गाड्यांत बायका जास्त दिसू लागल्या. कोणी दवाखान्यात निघालेली, कोणी माहेरी, कोणी नुसती बहिणीला पाहून यायला. त्या दिवशी माझ्या शेजारी एक म्हातारी बसली. मांडीवर कापडी थैली, थैलीच्या तोंडाशी औषधांची पुडकी. गाडीनं उमरेड सोडलं नाही तोच तिनं मान वळवली.

“कोन्या गावची वो बाई?”

“चिमूरची.”

“चिमुरात कोनाच्या घरची?”

मी वडिलांचं नाव सांगितलं नाही, नुसता वॉर्ड सांगितला.

“एकटीच चालली? मालक कोठी असतेत?”

“लग्न नाही झालं.”

“बापा! काहून?”

मी पिशवीतून इअरफोन काढले आणि कानात घातले. गाणं लावलंच नाही. पुढचा सगळा रस्ता ती गप्प होती आणि मी खिडकीबाहेर पाहत होते. चिमूरच्या स्टँडवर उतरताना तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, “बेस जाजो वो माय.” घरी पोचेपर्यंत तो हात मला जाणवत राहिला.

संध्याकाळी हे सगळं मी मामाला सांगितलं. माझा मामा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. तिकिटांची पेटी आणि चिमटा होता तेव्हापासून ते हातातल्या मशीनपर्यंत सगळं त्यानं पाहिलं. त्याचं घर स्टँडच्या मागेच आहे, त्यामुळे निवृत्त झाला तरी कोणती गाडी आली हे तो आवाजावरून सांगतो. मामाच्या बोलण्यात ळ नाही, त्याच्या जागी र येतो. डोळ्याचा डोरा होतो, जवळचं जवर होतं. ण तर नाहीच. धानाच्या मुलखाची, झाडीची बोली आहे ही. माझ्या तोंडून ती शहरात गेल्यावर उतरली. त्याची बोली तो बोलला तशीच इथं लिहिते, कारण ज्या गोष्टीवर आम्ही भांडलो ती त्या बोलीतच नीट कळते.

मामानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग तू उत्तर काहून नाई देलं?”

“तिनं विचारलंच का? मी तिला ओळखत नाही, ती मला ओळखत नाही.”

“वोरखत नाई म्हनूनच इचारलं ना. वोरखीच्या मान्साले कोन इचारते, कोन्या गावचा म्हनून?”

मी म्हटलं, “माझं लग्न झालं की नाही, हे जाणून तिला काय करायचं आहे?”

“काई नाई. तिले काईच कराचं नाई.” मामानं पाय खाटेवर घेतले. “तुले वाटते का ती माहिती गोरा करत होती. ती माहिती घेऊन का करंल? भिसी याच्या आत भुलली असंल. तिले दोन घंटे तुह्या बाजूले बसाचं होतं. दोन घंटे कोनाच्या बाजूले मुक्यानं बसनं, हे तिले अपमानावानी वाटते. तिले नाई, तुले. म्हंजे तुले अपमान वाटंल म्हनून ती बोलली.”

हे मला नवीन होतं. तिला वाटलं असेल की न बोलण्यानं माझा अपमान होईल. मला वाटत होतं की विचारण्यानं माझा अपमान झाला. दोघी एकमेकींचा मान राखायलाच बसलो होतो.

मग मामानं जंगलाची गोष्ट काढली. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेला ताडोबा आहे. १९५५ साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प. कोलाऱ्याच्या गेटवर मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे एकच प्रश्न घेऊन येतात, वाघ दिसेल का. गेटच्या अलीकडच्या गावांतल्या बायकांना तोच वाघ दिसू नये असं वाटतं. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला त्या अंधारातच निघतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला.

“वाटेवर जो भेटंल तो इचारते, ‘कोठी चालली वो?’ ती म्हनते, ‘तराच्या अंगानं.’ झालं. सांजची वेर झाली आन बाई नाई आली, तर ज्यानं सकारी इचारलं त्यालेच आठवते ती कोन्या अंगानं गेली. मंग लोकं तिकडं धावतेत. तुह्या त्या इअरफोनवालीले कोन धुंडनार? कोनालेच माहीत नाई ती कोठी गेली.”

“मी बसमध्ये होते मामा, जंगलात नव्हते.”

“सवय खाली ठेवून गाडीत चढते का मानूस?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण म्हणणं पटलंही नव्हतं. मी त्याला जर्मनीचं सांगितलं. दोन वर्षं मी स्टुटगार्टला होते. तिथं डॉक्टरकडे गेलं की बाहेरच्या खोलीत आधीच चारपाच लोक बसलेले असतात. नवा आलेला माणूस दारातच सगळ्यांना मिळून नमस्कार घालतो, बसलेले लोक उलट नमस्कार करतात. मग तो बसतो. त्यानंतर अर्धा तास कोणी कोणाला एक शब्द विचारत नाही. तुला काय झालं, कुठून आलीस, घरी कोण आहे, काही नाही. पाळी आली की उठताना तो पुन्हा सगळ्यांचा निरोप घेतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, किती सुरेख आहे हे. तू इथं आहेस हे आम्ही पाहिलं, एवढंच सांगायचं आणि बाकीचं तुझ्याकडे राहू द्यायचं. माझ्या आजाराला, माझ्या एकटेपणाला कोणी हात लावत नव्हतं.

“मंग परत काहून आली?”

“काम संपलं म्हणून.”

मामा गप्प राहिला. हा असाच गप्प राहतो आणि मग समोरच्यालाच पुढचं सांगावं लागतं. मी म्हटलं, “दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत ताप आला होता. पाच दिवस घरात होते. पाच दिवसांत कोणीही काही विचारलं नाही. शेजारचं दार रोज उघडायचं आणि लागायचं, ते ऐकू यायचं.”

“पाहा,” एवढंच तो म्हणाला.

पण त्या शेजाऱ्यांवर मी राग धरत नाही. त्यांनी दार वाजवलं असतं तर त्यांच्या हिशेबानं तो आगाऊपणा झाला असता. आजारी माणसाला एकटं सोडणं हीच तिथली काळजी. प्रत्येक मुलखात ही रेघ वेगळ्या ठिकाणी आखलेली असते आणि बाहेरून आलेल्याला ती दिसत नाही. त्याला फक्त धक्का लागतो.

ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की हा पोलंडमध्ये जन्मलेला मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. १९२३ साली छापलेल्या एका निबंधात त्यानं अशा बोलण्याचा विचार केला आहे. इंग्रज माणूस अनोळख्याला म्हणतो, आज हवा छान आहे. बेटावरचा माणूस विचारतो, कुठून आलास? मॅलिनोव्स्कीचं म्हणणं असं की दोघंही एकच काम करत असतात. माणसं समोरासमोर मुकी उभी राहिली की एक ताण तयार होतो, आणि तो ताण जायला हे बोलणं लागतं. त्यात शब्दांच्या अर्थाला फारसं महत्त्व नाही. मी हे मामाला सांगितलं तेव्हा तो सरसावून बसला. शंभर वर्षांपूर्वी कोणी दूरच्या बेटावर जाऊन त्याचीच बाजू मांडून आलं होतं.

“आन त्या बेटावरच्या मान्सानं खरं सांगाचं असते का? कोठून आला ते?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. जपानमध्ये जुन्या चालीची शेजारी-शेजारी माणसं रस्त्यात भेटली की विचारतात, कुठं निघालात? त्याचं ठरलेलं उत्तर आहे, ‘जरा तिथवर.’ तिथवर म्हणजे कुठवर, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. मामाला हे इतकं आवडलं की त्यानं दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाला, “हेच ना! तुले उत्तर देता आलं नाई पोरी, कारन तुले वाटलं तिले खरं उत्तर पाहिजे. ‘कोठी चालली?’ म्हटलं तर म्हनाचं, ‘अशीच, इकडं.’ ‘कसं चाल्लं?’ म्हटलं का ‘बेस हाये जी.’ झाली गोठ. ‘बेस हाये’ म्हंजे बेस हाये असं थोडंच असते?”

आता मला आईची शिकवण आठवली. घरातून कोणी बाहेर पडत असेल तर ‘कुठे?’ म्हणून टोकू नये, जाणाऱ्याच्या कामाला ते बाधतं. विचारायचंच असेल तर म्हणावं, ‘लांब का?’ आणि आपण निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं. लहानपणी मी याला अंधश्रद्धा म्हणायची. आता वाटतं, आपल्या भाषेनं चौकस माणसासाठी घातलेलं ते कुंपण आहे. ‘लांब का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर पुरतं. जाणाऱ्याला आपला मुक्काम सांगावा लागत नाही, आणि विचारणाऱ्यानं विचारलेलंही असतं. जो प्रश्न वाटेवर प्रेमाचा होतो, तोच उंबरठ्यावर आडवा येतो, हे ज्यांनी ठरवलं त्यांना माणसं चांगली कळत होती.

मामाचा विजय झाल्यासारखं झालं होतं. तो नाटकांकडे वळला. दिवाळीनंतर झाडीत गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं. वडशाच्या कंपन्या गाड्या भरून निघतात, दहा गावांची माणसं एका गावात येतात. माघात चिमूरच्या बालाजीची घोडायात्रा असते, तेव्हा तर ओसरीवर अनोळखी माणसं निजलेली असत. ‘कोनाची पोरगी, कोन्या गावची’ या प्रश्नांवर कितीतरी सोयरिकी जुळल्या आहेत. “तुह्या आईचीबी मंडईतच जुरली,” मामा म्हणाला.

“म्हणजे ती म्हातारी माझ्यासाठी स्थळ बघत होती?”

“पाहतबी असंल. त्यात का बिघडलं?”

“बिघडलं मामा. तिनं एकदाच विचारलं. मला ते दिवसातून दोनदा विचारलं जातं. प्रत्येक विचारणाऱ्याला वाटतं आपण पहिल्यांदाच विचारतो आहोत.”

तेवढ्यात सयपाकघराच्या दारातून मामी बोलली. ती तिथं किती वेळ उभी होती कोण जाणे. हातात निवडायच्या तांदळाचं सूप होतं.

“मले इचारा,” ती म्हणाली.

मामा-मामीला मूल नाही. आमच्या घरात हा विषय कधी निघत नाही, म्हणून मीही लहानपणापासून तो पाहूनही न पाहिल्यासारखा केला आहे. मामी खाली बसली आणि तांदूळ निवडता निवडता बोलू लागली.

“चारीस वर्सं झाली. बसमंदी, लग्नात, दवाखान्यात, कोठीबी बसली का बाजूची बाई इचारते, लेकरं किती? मी म्हनते, बेस हाये जी. काई बाया तेवढ्यावर थांबतेत. दुसरं काई बोलतेत, पान्याचं, धानाचं. त्याइचा मले राग नाई येत. त्याइले समजलं म्हनून त्या थांबल्या. पन काई दुसऱ्यांदा इचारतेत. बेस म्हंजे का? किती हायेत? पोरं का पोरी? मंग सांगा लागते. मंग तिसरा प्रश्न, दवाखाना केला का? मंग त्या देवाचं नाव सांगतेत.” तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. “मी बसमंदी खिडकीच्या जागेवर काहून बसते म्हनता ना तुमी? तोंड तिकडं फिरवता येते.”

मामानं तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं लोकांना खिडकीच्या जागा देणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं. बराच वेळ कोणी बोललं नाही. स्टँडवर एक गाडी आली. ती कुठली, हे त्यानं सांगितलं नाही.

मला जे इतकी वर्षं नीट बोलता येत नव्हतं ते मामीनं सांगून टाकलं. माझी तक्रार पहिल्या प्रश्नाबद्दल नव्हतीच. ‘लग्न नाही झालं’ म्हटल्यावर त्या म्हातारीनं पावसाचं काही काढलं असतं तर मी उमरेड ते चिमूर तिच्याशी बोलत आले असते. खटकलं ते ‘काहून’. पहिला प्रश्न माणसाला जवळ बसवतो. त्याला दिलेलं अर्धमुर्धं उत्तर ज्याला पुरत नाही, तो दुसरा विचारतो. तो दुसरा प्रश्न मात्र माणसाचा राहत नाही, त्याच्या खात्याचा होतो.

आणि तो कुठं जाऊन थांबतो हे आमच्या घराला माहीत आहे. मी शहरात भाड्यानं घर शोधत होते तेव्हाचं. एका घरमालकीणबाईंनी दारातच चहा विचारला. तुम्ही कुठल्या? चंद्रपूरकडच्या. वा, आमच्या ओळखीचे आहेत तिकडे. चंद्रपूरला कुठं? चिमूरला. आडनाव काय म्हणालात? मी काहीच म्हणाले नव्हते. आडनाव सांगितलं. मग, जेवणात काय असतं तुमच्या? चहा आला नाही. दोन दिवसांनी निरोप आला की भावाचा मुलगा राहायला येतो आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या बाईंचा आवाज गोड होता. एकही शब्द अपमानाचा नव्हता. प्रश्न सगळे गप्पांचेच होते.

बाबासाहेबांनी लिहून ठेवलेली मसूर स्टेशनची आठवण आमच्या आईनं आम्हा भावंडांना वाचून दाखवली होती. साल १९०१. वडिलांना भेटायला निघालेली मुलं, नवे कपडे घातलेली, साताऱ्याहून आगगाडीनं येऊन मसूरला उतरली. घ्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं येऊन विचारपूस केली, तिकिटं पाहिली, कुठं जायचं, कोण येणार आहे ते विचारलं. इथपर्यंत तो भला माणूसच होता. कपड्यांवरून त्याला ही मुलं कोण असतील याचा अंदाज आला नव्हता. मग त्यानं तुम्ही कोण म्हणून विचारलं, आणि लहान भीमरावानं खरं ते सांगितलं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, बैलगाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाल्यानं बरोबर चालायचं, असं ठरलं. आई वाचताना नेमकी तिथं थांबायची, जिथं मास्तर ‘तुम्ही कोण’ विचारतो. तिथं ती एकदा आमच्याकडे पाहायची.

“तुम्ही म्हणता विचारणं म्हणजे माणुसकी,” मी मामाला म्हटलं. “मास्तरनंही विचारलंच होतं.”

मामाला याचं उत्तर लगेच देता आलं नाही. मग त्यानं एक गोष्ट सांगितली, जी मी आधी ऐकली नव्हती. नोकरीला लागून वर्ष झालं असेल. मुक्कामी गाडीवर त्याची ड्यूटी होती. गाडी आडगावात शेवटच्या थांब्यावर रात्री उभी राहायची, पहाटे परत निघायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर त्याच गावात झोपायचे. गावातल्या एका घरातून त्यांना पाणी मिळायचं, कधी भाकर-भाजी. घरातला म्हातारा गोष्टीवेल्हाळ होता, रोज विचारायचा, आज गाडी भरली का, भिसीत पाऊस होता का. महिनाभर असं चाललं. एका रात्री त्यानं विचारलं, “कोन्या गावचे जी तुमी?” चिमूरचा. “आडनाव का हाये?”

“मी सांगितलं. काई नाई बोलला तो. दुसऱ्या दिवशी पानी मागितलं तं गिलास नाई आला. पोरगा आला, म्हने हात समोर करा. वरून पानी सोडलं.” मामानं ओंजळ करून दाखवली. अंधार पडला होता, तरी ओंजळ दिसली. “त्याच्या मंगून मी पानी घरून नेलं. म्हातारा मंग बोलेना. मले पान्याचं तेवढं नाई वाटलं. तो पावसाचं इचारत होता, ते बंद झालं ना, त्याचं वाटलं.”

मी म्हटलं, “आणि तरी तुम्ही म्हणता विचारावं.”

“म्हनतो. म्यां एकतीस वर्सं गाडीत एकच इचारलं, ‘कोठी?’ त्यानं गाव सांगितलं का तिकीट फाडलं. तिकिटावर आडनाव नसते.”

मला वाटलं होतं इथं आमचं भांडण संपेल. संपलं नाही. मामाचं म्हणणं असं की घरमालकीण आणि तो म्हातारा यांच्यामुळे विचारायचंच सोडलं, तर रस्ता त्यांच्याच ताब्यात गेला. माझं म्हणणं असं की ज्याला आडनाव सांगायची भीती नाही, त्याला ‘कोन्या गावची’ हा प्रश्न साधा वाटतो. ज्याला आहे, त्याला पहिल्या प्रश्नातच चौथा ऐकू येतो. त्या म्हातारीनं ‘कोनाच्या घरची’ विचारलं तेव्हा मी वडिलांचं नाव का गिळलं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं, बोलता बोलता कळलं. ती बिचारी आडनावाकडे निघालीच नसेल. पण मी आधीच वळून बसले होते. मामानं हे ऐकलं आणि मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते सांगता येत नाही.

मग तो ४२ सालाकडे गेला. चिमूरचा माणूस उशिरापर्यंत बोलत बसला की तिकडे जातोच. ‘चले जाव’च्या चळवळीत १६ ऑगस्ट १९४२ला इथं जे पेटलं त्यात इंग्रज सरकारचे अधिकारी मारले गेले, आणि पाठोपाठ आलेल्या सैन्यानं आणि पोलिसांनी गावावर, गावातल्या बायकांवर सूड उगवला. बाहेर बातमी जाऊ नये म्हणून सरकारचा कडक बंदोबस्त होता. सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी यांनी एकच मागणी केली, चिमूरमध्ये काय झालं त्याची चौकशी करा. त्यासाठी त्यांनी उपास धरला, ते चिमूरकडे पायी निघाले, त्यांना पकडून परत नेलं. उपास ६३ दिवस चालला, जानेवारी १९४३मध्ये सुटला.

“आन त्याच्या अगोदर नागपूरच्या बाया आल्या होत्या,” मामा म्हणाला. “रमाबाई तांबे आन त्याइच्या संगं दुसऱ्या. घरोघर गेल्या, बायाइशी बोलल्या. त्याइनं सांगितलं म्हनून दुनियेले समजलं. मी नेहमी मनात आनतो, त्याइनं पहिला प्रश्न कोनता इचारला असंल? दार लावून बसलेली बाई, बाहेरच्या मान्साचा भेव भरलेली. तिले एकदम कसं इचारतीन, तुह्यावर का गुदरलं? म्हटलं असंल, लेकरं कशी हायेत? जेवन झालं का? पानी देता का जी? असंच काई म्हटलं असंल. मंग ती बोलली असंल.”

त्या बायकांनी खरोखर काय विचारलं ते त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक असणार. पण मामाचं हे म्हणणं मला खोडता आलं नाही. आपण ज्याला वरवरचं बोलणं म्हणतो, पाण्याचं, लेकरांचं, त्याच्यावरून चालत गेल्याशिवाय त्या दारापर्यंत कोणाला पोचता आलं असतं? मराठीत विचारपूस आणि चौकशी असे दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बेधडक वापरले जातात. आजाऱ्याचीही आपण चौकशीच करतो. चिमूरच्या बायकांना दोन्ही हव्या होत्या. विचारपूस नागपूरहून आलेल्या बायकांनी केली, चौकशी करायला सरकार तयार नव्हतं.

“सरकारले दुसऱ्यांदा इचारा लागते, तिसऱ्यांदा इचारा लागते,” मामी म्हणाली. सूप बाजूला ठेवून ती उठली. “मान्साले नाई. चला, जेवाले.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघाले. मामा स्टँडवर आला होता. मी म्हटलं, “येते.” माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली, सहासात वर्षांच्या मुलाला घेऊन. मुलाचे डोळे पिवळट होते. गाडी सुटल्यावर मी तिला विचारलं, “लांब का?”

“इकडंच,” ती म्हणाली.

मी थांबले. भिसी गेली. मुलाला मळमळायला लागलं म्हणून मी खिडकीची जागा दिली आणि पाण्याची बाटली काढली. तिनं त्याचं तोंड पुसलं, बाटलीचं झाकण नीट लावून मला परत दिली, आणि मग आपणहून बोलायला लागली. नागपूरला मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, चालली होती. मुलाला सिकलसेल निघाला होता, दर थोड्या दिवसांनी सांधे दुखायचे, रात्र रात्र रडायचा. नवऱ्याला मजुरी पाडून येता येत नाही. मागच्या खेपेला नागपुरात ओपीडीची चिठ्ठी कुठं काढायची ते कळेपर्यंत रांग बंद झाली होती. मी तिला गेटमधून आत गेल्यावर कुठल्या हाताला वळायचं ते सांगितलं, ती बोटावर खुणा करून पाठ करत राहिली.

उमरेड जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, “तुमी कोन्या गावच्या जी?”

“चिमूरची. स्टँडच्या मागे मामाचं घर आहे. मामा एसटीत कंडक्टर होते.”

“उंच, चष्मेवाले? मगाशी खाली उभे होते ते?”

“तेच.”

“त्याइच्याच गाडीनं मी शाळेत जायची,” ती म्हणाली. मुलगा तिच्या मांडीवर झोपला होता, त्याचा हात तिनं अंगाखालून हळूच सोडवला. “परीक्षेच्या दिवसात तिकीट देता देता सगळ्या पोरीइले इचारायचे, पेपर कसा गेला? अजून इचारतेत का कोनाले?”